आधी विचारावे, मग आखावे



सोलापुरात नवा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेतो. देवळाभोवती तळे आहे. परंपरा असे सांगते की बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी हे तळे खोदविले आणि त्यांच्या बरोबरीने लोकांनी कुदळ-फावडे हाती धरले. तळे कोठे खोदावे, कोणासाठी खोदावे, हे त्या वेळी जाहीर नोटीस काढून कोणाला विचारावे लागले नसेल. ज्यांना पाणी हवे होते, त्यांच्याच हातांत फावडे होते.

आजची मोठी कामे अशी होत नाहीत आणि होणारही नाहीत. धरण असो, महामार्ग असो, विजेचे केंद्र असो. ज्याने काम कागदावर आखले तो एका गावी राहतो, ज्याला त्याचा लाभ होतो तो दुसऱ्या गावी, आणि ज्याचे शेत किंवा घर त्यात जाते तो तिसऱ्या गावी. या तिघांची गाठ बहुधा कधी पडत नाही. म्हणून तीन प्रश्न उभे राहतात. अशा कामात गावाला विचारावे का? विचारावे तर केव्हा? आणि गावाने उत्तर द्यावे ते कसे? या तीन प्रश्नांविषयी आज आपणांशी थोडे बोलावे असा विचार आहे.

उदाहरणासाठी लांब जावयास नको. माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८० मध्ये ते पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे तळाशी राहून जाणारा. वापरावयाचा साठा सुमारे ५४ टीएमसीचा. हे धरण झाले म्हणून सोलापूर शहराला प्यावयाचे पाणी मिळाले, कालवे वाहिले, माळावर ऊस उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळात ज्याने दुष्काळी कामावर खडी फोडली, त्याला पाण्याची किंमत दुसऱ्याने सांगावी लागत नाही. धरण नको होते असे म्हणणारा मी नव्हे.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. करमाळा आणि माढा, पलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि दौंड, आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, अशा तालुक्यांतील भीमाकाठची गावे या पाण्याखाली गेली. ती जमीन नदीकाठची, काळी, कसदार. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. लोक ते पाहावयास जातात, छायाचित्रे काढतात. ज्यांचे ते गाव होते ती म्हातारी माणसेही जातात. पण ती देऊळ पाहून परत फिरत नाहीत. आपले घर कोठे होते, ओटा कोणत्या बाजूला होता, हे ती पायाने शोधीत राहतात.

अशाच एका नव्या गावठाणातील शाळेत मी काही वर्षे शिकवीत होतो. तेथील वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. धरणाची पहिली वार्ता त्यांना कोणी येऊन सांगितली नाही. प्रथम मोजणीची माणसे आली. साखळी ओढली गेली, खुणेचे दगड रोवले गेले. कोणाला वाटले रस्ता होणार, कोणाला वाटले हद्दीची मोजणी आहे. पाणी कोठवर येणार हे त्यांना त्या दगडांवरून कळले. म्हणजे गावाची ओळख धरणाशी झाली ती निर्णयाच्या वेळी नव्हे. निर्णय दगडाच्या रूपाने शिवारात येऊन उभा राहिल्यावर झाली.

आता त्या वेळचा कायदा काय होता ते पाहू. जमीन घेतली जाई ती १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने. सरकारने नोटीस काढावी, आणि त्या जमिनीत ज्याचा हक्क आहे त्याने तीस दिवसांत हरकत घ्यावी, अशी त्यात तरतूद होती. निकड आहे असे सरकारने ठरविले तर ही हरकतसुद्धा ऐकण्याचे कारण उरत नसे. धरण हवे की नको, येथे हवे की चार मैल वर, त्याची उंची किती असावी, हे प्रश्न गावापुढे ठेवण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. गावासाठी उरे एकच प्रश्न : भाव किती? आणि तोही ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, नावेवर पोट भरणारा, नदीकाठच्या मातीवर चाक फिरविणारा कुंभार, यांच्या नावावर उतारा नाही. म्हणून त्यांना नोटीसही नाही. वास्तविक गाव उठते तेव्हा पहिली चूल विझते ती यांचीच.

हे केवळ उजनीत घडले असे मात्र नाही. याच भीमेच्या खोऱ्यात, वर सह्याद्रीच्या कुशीत मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. विजेसाठी टाटा कंपनीने ते बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील शेतकरी आपल्या भाताच्या खाचरांसाठी उभे राहिले. १९२१ च्या एप्रिलमध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. सेनापती ही पदवी त्यांना तेव्हापासून चिकटली. तीन वर्षे तो लढा चालला. शेवटी धरण झाले, गावे बुडाली. पण धरणासाठी उठणाऱ्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट त्या लढ्याने देशाला प्रथम बजावून सांगितली.

पुढे पन्नास वर्षांनी त्याला कायद्याचे रूप थोडेसे आले. १९७० नंतर महाराष्ट्रातील धरणग्रस्तांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ज्यांना पाणी मिळणार त्या लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांकडून काही जमीन घ्यावी आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांना ती द्यावी, हे न्यायाचे तत्त्व त्यात आले. १९८६ आणि १९९९ मध्ये हा कायदा नव्याने करण्यात आला. ही मोठी गोष्ट झाली. पण साल पाहा. कायदा झाला १९७६ मध्ये. उजनीचा निर्णय त्याच्या किती तरी आधी झालेला, आणि चार वर्षांत धरण पुरेही झाले. आपल्याकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात. शिवाय उठलेल्यांना बसवावे कसे, एवढेच तो कायदा सांगतो. उठवावे की नाही, हे विचारावयाचे कोणी, हा प्रश्न राहिलाच.

मला सांगावयाचे आहे ते येथेच. विचारणे आणि कळविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलीचे लग्न ठरवून, साखरपुडा करून, पत्रिका छापून झाल्यावर तिला “तुला पसंत आहे ना?” म्हणून विचारले, तर त्याला विचारणे म्हणत नाहीत. ज्या वेळी उत्तर “नाही” असे आले तर काही बदलू शकते, त्याच वेळी विचारले तर ते विचारणे. त्यानंतरचे सारे कळविणे.

बरे, आज परिस्थिती काय आहे? आज कायद्याने गावाला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त जागा दिली आहे. पण ती जागा आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ती रिकामी राहते. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, पर्यावरणाची जनसुनावणी. १९९७ मध्ये केंद्र सरकारने ती सुरू केली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिचे नियम नीट बांधून दिले. ज्या मोठ्या कामांना हा नियम लागू आहे, त्यांच्या परिणामांचा अहवाल आधी तयार करावा लागतो. त्याचा सारांश आपल्या भाषेत असावा लागतो. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि स्थानिक पंचायतीकडे पाहावयास ठेवावा लागतो. सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रांतून निदान तीस दिवस आधी द्यावी लागते. सुनावणी कामाच्या जागी किंवा जवळच घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी तेथे बसतो. सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत सर्वांना वाचून दाखवावे लागते. एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे कागदावर लागते. गाव घरी बसले तर सुनावणी थांबत नाही. फक्त गावाचे म्हणणे कागदावर येत नाही.

दुसरी, २०१३ चा भूसंपादन कायदा. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा जुना कायदा गेला. जमीन घेण्याआधी त्या कामाचा माणसांवर काय परिणाम होईल, याची पाहणी ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करून करावी आणि त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी, असे हा कायदा म्हणतो. ती पाहणी तज्ज्ञांच्या गटाने तपासावयाची असते आणि त्या गटात पंचायत किंवा ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असतात. लाभापेक्षा हानी जास्त आहे असे वाटले तर काम सोडून द्यावे, अशी शिफारस हा गट करू शकतो. तरीही सरकारला पुढे जावयाचे असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना शंभरातील ऐंशी कुटुंबांची, आणि सरकार व खाजगी कंपनी मिळून काम असेल तर सत्तर कुटुंबांची संमती लागते. ही संमती मुख्यतः जमीनधारकांची मोजली जाते. तरीसुद्धा, आधी तीन वर्षे ज्याचे पोट त्या जमिनीवर होते तो भूमिहीन मजूर किंवा वाटेकरीही या कायद्याच्या दृष्टीने बाधित कुटुंबात मोडतो. सातबारा नसलेल्या माणसाला कायद्याने माणूस म्हटले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता या चादरीला भोकेही आहेत, तीही सांगितली पाहिजेत. सरकार स्वतःच्या कामासाठी जमीन घेते तेव्हा संमतीची अट लागत नाही. परिणामांच्या पाहणीतून काही प्रकारची कामे वगळण्याची वाट महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काढून ठेवली आहे. आणि राष्ट्रीय महामार्गाची जमीन घेतली जाते ती १९५६ च्या निराळ्या कायद्याने. त्याचा मोबदला २०१५ पासून नव्या कायद्याप्रमाणे मिळतो. पण ती पाहणी, ती सुनावणी त्याला बंधनकारक नाही. तेथे हरकतीला मुदत आहे फक्त एकवीस दिवसांची. २०१३ च्या कायद्यात हीच मुदत साठ दिवसांची आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यापुढे आज धरणापेक्षा रस्त्यांचा प्रश्न जास्त आहे. सुरत–चेन्नई महामार्गाची आखणी बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत आपल्या शिवारांतून गेलेली आहे. मोबदल्याच्या दराविषयी अक्कलकोट भागात शेतकऱ्यांनी आंदोलने केली. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या जिल्ह्यांत सोलापूर आहे. २०२४ मध्ये जमीन घेण्याच्या अधिसूचना निघाल्यावर कोल्हापूर, सांगली आणि आपल्याही जिल्ह्यात विरोध उभा राहिला. या रस्त्यांच्या बाजूने बोलणारे आहेत, विरुद्ध बोलणारे आहेत. त्या वादात मी शिरत नाही. मी एवढेच विचारतो, की हा वाद कोणत्या वेळी झाला? रेघ नकाशावर उमटल्यानंतर. शेतातून रस्ता गेला तर एका बांधाचे दोन तुकडे होतात. विहीर एकीकडे राहते, पीक दुसरीकडे. ओढ्याला मोरी कोठे हवी, बैलगाडीला आणि गुरांना खालून वाट कोठे हवी, हे त्या शिवारात चाळीस पावसाळे पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते. त्याला आधी विचारले तर मोरी योग्य जागी येते. नंतर विचारले तर अर्ज येतो, मग मोर्चा येतो, मग कोर्ट येते.

यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, सगळ्यांना विचारीत बसले तर काम होणार केव्हा? दहा तोंडे, दहा मते.” हा आक्षेप खोटा नाही. अडवणूक करणारी माणसे गावात असतात. भाव वाढावा म्हणून विरोध करणारेही असतात. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. विचारावयास लागतात काही महिने. न विचारल्याने किती लागतात? उजनी पुरे होऊन चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी धरणग्रस्तांचे अर्ज कार्यालयांतून फिरतच आहेत. बापाने दिलेला अर्ज मुलगा चालवितो आहे. तो उशीर कोणाच्या खात्यावर लिहावयाचा?

बाहेरच्या देशांनाही हा धडा ठेच लागूनच मिळाला. फ्रान्समध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या अतिवेगवान रेल्वेच्या मार्गावरून गावोगाव विरोध झाला. त्या अनुभवानंतर १९९५ मध्ये तेथे कायद्याने सार्वजनिक चर्चेसाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. मोठ्या कामाची आखणी पक्की होण्यापूर्वी, हे काम मुळात हवे का, येथपासून लोकांत चर्चा घडवून आणावी, हे त्याचे काम. जगातील धरणांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या जागतिक आयोगाने २००० मध्ये आपला अहवाल दिला. आपल्याकडील मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. ज्यांच्यावर धोका येतो त्यांना निर्णयाच्या टेबलाशी जागा असली पाहिजे, हे त्या अहवालाचे एक मुख्य म्हणणे होते.

आणि विचारावयाचे ते केवळ उठणाऱ्यांना, असेही नाही. काम पुरे झाल्यावर त्याचा वापर कसा करावा, हाही निर्णयच असतो. २०२१ चा प्रसंग आपणांस आठवत असेल. एप्रिलमध्ये उजनीतील ५ टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याकडे देण्याचा आदेश निघाला. पुणे बाजूने येणारे सांडपाणी धरणात उतरते, त्याच्या हिशेबातून हे पाणी द्यावयाचे, असे सांगण्यात आले. सोलापूर जिल्ह्यात रान उठले, आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. आपल्यापैकी पुष्कळांना आनंद झाला. पण शांतपणे विचार करा. इंदापूरच्या गावांनीही याच धरणासाठी जमीन दिलेली आहे. त्यांची तहान खोटी म्हणता येणार नाही. आपली काळजीही खरी, कारण वापरावयाचे पाणी मोजके आणि त्यावर मागणी मोठी. दोन्ही काठांची माणसे समोरासमोर बसून, वर्षाच्या पाण्याचा हिशेब मध्ये ठेवून बोलली आहेत, असे त्यात झाले नाही. एका सहीने आदेश निघाला, एका सहीने गेला. भांडण जेथल्या तेथे राहिले.

पाण्याच्या पाळ्या ठरविण्यासाठी कालवा सल्लागार समिती आहे. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना आपापल्या क्षेत्रातील पाणी वाटून घेण्याचा अधिकार दिला आहे. ज्या संस्था केवळ अनुदानासाठी कागदावर आहेत, त्या असून नसल्यासारख्या. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला बैठकीत बोलता येते का, यावरून संस्था जिवंत आहे की नाही हे ओळखावे.

आता तिसरा प्रश्न : गावाने उत्तर द्यावे कसे? समजा, उद्या तुमच्या शिवारातून एखादे मोठे काम जाणार अशी कुणकुण लागली. मोजणीची वाट पाहत बसू नका. पहिले काम म्हणजे जमीन कोणत्या कायद्याने घेतली जाणार आहे ते विचारून घ्या. कारण त्यावरच हरकतीची मुदत एकवीस दिवस की साठ दिवस हे ठरते. तलाठ्याकडे, प्रांताकडे विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. २००५ चा हा कायदा आहे. दहा रुपये शुल्क, आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन.

दुसरे, ग्रामसभा बोलवा आणि ती खरी भरवा. झेंडावंदनानंतर सह्या घेऊन उरकलेली सभा उपयोगाची नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. ती जरूर घ्या. पुरुष मोबदल्याचा आकडा विचारतो, तेव्हा बाई विचारते की पाणी किती लांबून आणावे लागेल, मुलीला शाळेत जाताना रस्ता ओलांडावा लागेल का. हे प्रश्न आराखड्यात क्वचित सापडतात. वस्तीवरची, गावकुसाबाहेरची माणसे सभेत आली आहेत का ते पाहा. नसतील तर वस्तीवर जाऊन सभा घ्या.

तिसरे, गावाची नोंदवही करा. विहिरी, कूपनलिका, फळझाडे, पाणंद, स्मशान, देवस्थान, शाळा, गुरांचे पाणवठे. कोण वाट्याने करतो, कोण मजुरी करतो, धनगरांची मेंढरे कोणत्या वाटेने जातात, मासेमारीवर कोणाचे घर चालते. मोजणी झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा आधी तयार असलेल्या नोंदवहीचे वजन फार मोठे असते.

चौथे, सुनावणीत घोषणा देण्यापेक्षा प्रश्न लिहून न्या. एक प्रत तेथे द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पर्यायही सुचवा. “नको” एवढेच लिहिलेला अर्ज बाजूला ठेवणे सोपे असते. “येथून नको, कारण असे आहे, तिकडून घ्या, कारण असे आहे” असा अर्ज बाजूला ठेवणे तितके सोपे नसते. आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतील तेव्हा उठून जाऊ नका. आपण बोललो ते त्यात आले का, हे कान देऊन ऐका. आले नसेल तर तेथेच सांगा.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून बोलणे आटोपते घेतो. गावात नकाशा वाचता येणारी माणसे थोडी असतात, आणि त्यांत आपण असतो. तीनशे पानांच्या अहवालाचा दहा पानी सारांश चावडीवर सोप्या भाषेत वाचून दाखविणे, ही शिक्षकाला शोभणारी सेवा आहे. यात पक्ष घ्यावा लागत नाही. वाचून दाखवावे, अर्थ सांगावा, निर्णय गावावर सोडावा. शाळेतही हे करता येते. भूगोलाच्या तासाला मुलांकडून आपल्या शिवाराचा नकाशा काढून घ्या. ओढा कोठून येतो, पाणी कोठे साचते, कोणती वाट पावसाळ्यात बंद पडते, हे त्यांना टिपू द्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेचा धडा असतो. मुलांना एकदा खऱ्या ग्रामसभेला नेऊन बसवा. रेघ आखणारा उद्याचा अभियंता याच वर्गात बसलेला असेल. आखण्यापूर्वी विचारावे, ही सवय त्याला येथेच लागावयाची आहे.

श्रोतेहो, धरणे होतील, रस्ते होतील, व्हावयासही पाहिजेत. दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाणी आणि वाट यांचा कंटाळा कधी येत नाही. जो आपली जमीन देतो तो देशासाठी देतो, असे आपण सभेत म्हणतो. मग देणाऱ्याला देण्यापूर्वी विचारावे, ही साधी रीत आहे. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देतानासुद्धा आपण “घेणार का?” म्हणून विचारतो. गावाचे गाव मागताना तेवढे तरी विचारावे. आणि विचारले जाईल त्या दिवशी उत्तर देण्याची तयारी गावाने आजपासून ठेवावी.